विमानाचा लांबचा प्रवास : पायांना विसरू नका

लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेले आईवडील आता तालुक्याच्या गावीही दिसतात. व्हिसा, पापड, मसाले यांची तयारी महिनाभर चालते. माझ्याकडे मात्र ते येतात आदल्या दिवशी, गोळ्यांची चिठ्ठी लिहून घ्यायला.

मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. थेट विमानाला साधारण १५ ते १६ तास लागतात. पण शरीराला किलोमीटर कळत नाहीत. त्याला कळतात ते बसून काढलेले तास.

चालताना पोटरीचे स्नायू शिरांमधील रक्त वर ढकलतात. तासन्‌तास बसल्यावर ते तुंबते, पाय सुजतात आणि क्वचित खोल शिरेत गुठळी होते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार चार तासांहून अधिक बसून प्रवास केल्यास हा धोका सुमारे दुप्पट होतो; तरीही तो सहा हजारांत एक इतकाच आहे. म्हणजे घाबरायचे कारण नाही, गाफील राहायचेही नाही. रात्रभराच्या बसप्रवासालाही हे लागू आहे.

नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, पूर्वी गुठळी झालेले, कर्करोगाचे रुग्ण, गरोदर स्त्रिया व गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना भेटावे. अॅस्पिरिन मनाने घेऊ नये. इतरांनी दर तासा-दोन तासांनी उठून फेरी मारावी, बसल्या जागी घोटे फिरवावेत. लघवीला उठावे लागेल म्हणून पाणी टाळू नये. विमानातील हवा फार कोरडी असते.

विमानातील हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या हवेइतका, म्हणजे कळसूबाईच्या शिखराहूनही विरळ असतो. दम्याच्या व हृदयाच्या रुग्णांनी याची विचारणा अवश्य करावी.

मधुमेहींचा प्रश्न घड्याळाचा आहे. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते. रात्री दोनला निघालेला माणूस त्याच दिवशी सकाळी आठच्या सुमारास तिथे उतरतो. त्याचा दिवस लांबतो, परतताना आखडतो. इन्सुलिनच्या वेळा व मात्रा निघण्यापूर्वीच लिहून घ्याव्यात. औषधे हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसह ठेवावीत; सामानाच्या कप्प्यात इन्सुलिन गोठू शकते.

पोहोचल्यावर झोप बिघडते, ती हळूहळू रुळावर येते. सकाळच्या उन्हात फिरावे. मात्र पुढच्या काही आठवड्यांत एकच पोटरी दुखून सुजली, किंवा एकाएकी धाप लागली, छातीत दुखले, तर प्रवासाचा शीण म्हणून अंगावर काढू नका. मुलांना त्रास नको म्हणून गप्प राहू नका. त्याच वेळी सांगा, दवाखाना गाठा.