ब्रासिनोस्टेरॉइडे
वनस्पतींच्या वाढीचे नियमन करणारी स्टेरॉइड वर्गातील हॉर्मोने. यांपैकी ब्रासिनोलाइड १९७९ मध्ये अमेरिकेत मोहरीच्या प्रजातीतील (ब्रासिका) रेप या वनस्पतीच्या परागापासून अलग करण्यात आले, सु. २२७ किग्रॅ. परागापासून ते केवळ ४ मिग्रॅ. मिळाले. प्राण्यांतील स्टेरॉइड हॉर्मोने बहुधा कोशिकेत शिरून कार्य करतात. ब्रासिनोलाइड मात्र कोशिकापटलावरील ग्राही प्रथिनाला बाहेरूनच बद्ध होते. त्यामुळे आतील एक रोधक एंझाइम निष्क्रिय होते, नियामक प्रथिने केंद्रकात साचतात व वाढीशी संबंधित जीनांची अभिव्यक्ती वाढवितात किंवा रोखतात. परिणामी कोशिका लांबतात. हॉर्मोन तयार न झाल्यास झाड खुजे राहते व बाहेरून हॉर्मोन दिल्यास वाढते. ग्राही प्रथिनच सदोष असल्यास मात्र उपयोग होत नाही. महाराष्ट्रातील द्राक्षबागांत मण्यांच्या वाढीसाठी होमोब्रासिनोलाइड फवारतात, ते याच तत्त्वावर.