साखरेच्या मुलखातला नाच

कोल्हारला नगर-मनमाड रस्त्यावर ‘बार’ म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं, ते सांगायला नको. परमिट रूमची पाटी, आत मिणमिणता उजेड, टीव्हीवर क्रिकेट, चकण्याच्या बशा आणि सगळी पुरुषांची टेबलं. तिथं सत्तरीची एखादी आजी यावी, शेजारच्या टेबलावरच्या पंचविशीतल्या पोराबरोबर पाच मिनिटं दणकून नाचावी आणि घाम पुसत पुन्हा आपल्या खुर्चीत जाऊन बसावी, ही कल्पनाही करवत नाही.

दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात काली नावाचं शहर आहे. (देवीशी संबंध नाही.) तिथल्या ‘बारिओ ओब्रेरो’मध्ये, म्हणजे शब्दशः कामगारवस्तीत, शुक्रवार-शनिवारच्या रात्री हे नेहमीचं दृश्य आहे. जागा अशी मोठी नसते. भिंतींवर जुन्या गायक-वादकांच्या तसबिरी, गल्ल्यामागं तबकड्यांची चळत, त्या लावणारा एक जाणकार आणि मधे दहा-बारा जोड्या मावतील एवढी फरशी. टेबलावर ‘अग्वार्दियेन्ते’ची अर्धी बाटली आणि छोटे पेले. ही दारू उसाचीच, बडीशेपेसारख्या वासाची. काही गिऱ्हाइकं घरून घंटा घेऊन येतात, गुरांच्या गळ्यात असते तसली, पण लोलकाशिवाय, काठीनं वाजवायची. तबकडीवरच्या वादकांबरोबर बसल्या जागी तीही ठेका धरतात. भजनाला जाताना कुणी आपले टाळ घेऊन जावं, तसंच.

हा नाच म्हणजे साल्सा. आणि काली शहराभोवती नजर जाईल तिथवर ऊस आहे.

कोल्हारच्या वाचकाला उसाबद्दल वेगळं सांगणं म्हणजे आगाऊपणाच. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली झालं, प्रवरेचे कालवे खेळले, ऊस वाढला. पुढं विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं जवळच लोणीला सहकारी कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१च्या हंगामात त्याचं पहिलं गाळप झालं. कालीच्या मुलखात मात्र ‘हंगाम’ हा शब्दच फारसा चालत नाही. विषुववृत्ताजवळची हवा, त्यामुळं ऊस बाराही महिने तोडतात आणि गाळतात.

तरी साल्साचं मूळ कालीत नाही, क्युबात आहे. तिथंही ऊसच. एकोणिसाव्या शतकात हे बेट जगाला साखर पुरवत होतं आणि उसाच्या मळ्यांत राबायला आफ्रिकेतून माणसं गुलाम म्हणून जहाजांत कोंबून आणली जात होती. गुलामी कायद्यानं संपली ती १८८६ साली. या माणसांनी आपले ताल जपले. ढोल नसेल तिथं त्यांनी सुक्या मासळीची लाकडी खोकी बडवली. त्यातून ‘रुम्बा’ घडला. २०१६ साली युनेस्कोनं मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतला तो हाच. बेटाच्या पूर्वेकडच्या डोंगराळ भागात स्पॅनिश गिटार आणि आफ्रिकी ताल यांच्या मिलाफातून ‘सोन’ नावाचं गाणं तयार झालं. साल्साचा कणा हा ‘सोन’.

या संगीताची किल्ली दोन काठ्यांत आहे. ‘क्लावे’ म्हणतात त्यांना. हवानाच्या गोदीत जहाजांच्या फळ्या जोडायला कठीण लाकडाच्या खुंट्या वापरत, त्यांचे हे वंशज मानले जातात. एका आवर्तनात पाच ठोके: आधी तीन, मग दोन, किंवा उलट. बाकी सगळी वाद्यं त्या पाच ठोक्यांच्या धाकात असतात.

नाचणाऱ्यानं मोजायचं ते आठ. एक-दोन-तीन, चारला थांब. पाच-सहा-सात, आठला थांब. पावलं सहाच. आठ मात्रांचा केरवा आणि लावणीतली धुमाळी ऐकत वाढलेल्या मराठी पायांना हा हिशेब काही परका नाही. अडचण येते ती थांबण्याची. ढोलकी कडाडली की आपला पाय थांबायला तयार नसतो, आणि साल्साची सगळी ऐट त्या न टाकलेल्या पावलात आहे.

दुसरी गंमत जोडीची. काहीही आधी ठरलेलं नसतं. एकानं न्यायचं, दुसऱ्यानं ओळखायचं. पाठीवरच्या हाताचा हलका दाब, मनगटाचा छोटासा इशारा, एवढ्यावर गिरकी घ्यायची की नाही ते कळतं. गाणं संपलं की ‘ग्रासियास’ म्हणून दोघं सुटे. पुढच्या गाण्याला जोडीदार दुसरा. आपल्याकडं प्रवरेकाठानंही नाच-गाण्याला कमी दिलं नाही. शाहीर अनंत फंदी संगमनेरचे, तमाशातली पवळा त्याच तालुक्यातल्या हिवरगावची. पण तिथं नाचणारी फडावर आणि बघणारे समोर, अशी सरळ फाळणी आहे. वरातीत आपण सगळे नाचतो खरे. तिथं मात्र पावलांचा हिशेब कुणी ठेवत नाही.

क्युबाचा हा ठेका कालीला पोचला तो न्यूयॉर्कमार्गे. तिथल्या पॅलेडियम नाचघरात १९५०च्या आसपास गोरे, काळे, प्वेर्तो रिकोचे, सगळे एकाच फरशीवर माम्बो हा क्युबाचाच नाच नाचत. १९५९ला क्युबात क्रांती झाली, पाठोपाठ अमेरिकेची नाकेबंदी आली आणि बेटावरून येणारं संगीत आटलं. पोकळी भरून काढली न्यूयॉर्कच्या प्वेर्तो रिकन वस्त्यांतल्या पोरांनी. जॉनी पाचेको हा वादक आणि जेरी मासुची हा वकील यांनी १९६४ साली ‘फानिया’ ही तबकड्यांची कंपनी काढली. ‘साल्सा’ हे नाव बाजारात रुळवण्यात तिचा हात मोठा. स्पॅनिशमध्ये साल्सा म्हणजे रस्सा, चटणी. हे दुकानदारी नाव तीतो प्वेंते या बुजुर्ग वादकाला कधीच मानवलं नाही. साल्सा मी खातो, वाजवतो तो माम्बो, अशा अर्थाचं तो म्हणे. त्याचं खरंच होतं, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

त्या तबकड्या कोलंबियाच्या बुएनाव्हेंतुरा बंदरात खलाशांबरोबर उतरल्या आणि कालीत शिरल्या. कालीकरांना त्यांची चाल संथ वाटली. तेहतीसच्या वेगाची तबकडी ते पंचेचाळीसवर लावू लागले, असं सांगतात. म्हणून आजही तिथला नाच कमरेपेक्षा पायांचा, बारीक आणि विजेसारखा.

पुण्या-मुंबईतही आता साल्साचे वर्ग आणि ‘साल्सा नाइट’ होतात. पहिला तास शिकवणी, मग मोकळं नाचणं. तिथं तो फी भरून जोपासलेला छंद आहे. वस्तीचा नाच व्हायला बहुधा वस्तीच लागते.

या संगीताची सगळ्यात गाजलेली गायिका सेलिया क्रूझ, हवानाची. १९६०ला तिनं क्युबा सोडलं, ती तिथं पुन्हा राहायला गेली नाही. २००३ साली अमेरिकेतच वारली. मायामीच्या एका हॉटेलात वेटरनं कॉफीत साखर घालू का विचारलं, तेव्हा क्युबन कॉफी आणि बिनसाखरेची, असं म्हणत ती त्याच्यावर उखडली होती. हा किस्सा ती कार्यक्रमांत सांगे. पुढं किस्सा गळून पडला, उरली ती फक्त आरोळी, ‘अझुकार!’ २०२४ साली अमेरिकेच्या टांकसाळीनं तिचं चित्र असलेलं पाव डॉलरचं नाणं काढलं. त्यावर ही आरोळी कोरली आहे. तिचा अर्थ, साखर.