तिजोरीत सापडलेला कैदी

आर्थर राजा, त्याचं गोलमेज आणि जादूगार मर्लिन तुमच्या ओळखीचे असतील. त्यांच्या कथा इंग्रजीत सलग गुंफणारा सर टॉमस मॅलरी चक्क तुरुंगात होता! हे कसं कळलं, ते तर आणखी भन्नाट आहे.

बहुतेक अभ्यासकांच्या मते हा वॉरिकशायरचा सरदार. त्याच्यावर दरोड्यासकट कितीतरी आरोप होते, पण खटला कधी पुरा चाललाच नाही. १४५१ मध्ये हा पठ्ठ्या कैदेतून खंदक पोहून पळाला होता!

त्याचं पुस्तक १४६९-७० च्या सुमारास पुरं झालं. १४८५ मध्ये विल्यम कॅक्स्टननं ते वेस्टमिन्स्टरला छापलं. छापताना त्यानं ५०७ प्रकरणं पाडली, मजकुरात बदल केले, आणि मॅलरीनं स्वतःला जिथे ‘कैदी सरदार’ म्हटलं होतं ती ओळच गळली. पुढची साडेचारशे वर्षं वाचकांपुढे हीच छापील प्रत होती.

मग १९३४ मध्ये विंचेस्टरच्या शाळेतले शिक्षक वॉल्टर ओकशॉट जुन्या पुस्तकांची बांधणी बघायला म्हणून तिथल्या तिजोरीत डोकावले. आत मॅलरीच्या पुस्तकाची हाती लिहिलेली प्रत! दोघा लेखनिकांनी उतरवलेली, सरदारांची नावं लाल शाईत. आणि तिच्यात ती गळलेली ओळ!

आता खरी गंमत. १९७०च्या दशकात लॉटे हेलिंगा या संशोधक बाईंना त्या पानांवर शाईचे पुसट डाग दिसले. नीट बघितलं तर ती होती उलटी अक्षरं, आरशात दिसतात तशी. बोरूची पातळ शाई कागदात मुरते. छपाईची शाई तेलात खललेली, चिकट असते आणि सावकाश वाळते. ओला छापील कागद दुसऱ्या कागदावर पडला, की त्याची अक्षरं तिथे उलटी उमटतात. डागांचं वळण कॅक्स्टनच्या छपाईच्या खिळ्यांशी जुळलं. म्हणजे ही प्रत त्याच्याच छापखान्यात पडून होती! शाईच्या डागांनी दिलेली अशी साक्ष मला फार आवडते.

या हस्तलिखिताची पहिली आणि शेवटची पानं मात्र हरवली आहेत. पुस्तक कधी संपलं, हे मॅलरीनं शेवटी लिहिलंय, म्हणून ते कॅक्स्टनच्या छापील प्रतीतच सापडतं. त्या आवृत्तीची पूर्ण प्रत आज जगात एकच उरली आहे, न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात.