हिमवाहनातील चालक क्लच व त्याचा खडखडाट

हिमवाहनाच्या एंजिनातील भुजादंडाच्या टोकावर बसविलेल्या आणि एंजिनाची शक्ती रबरी पट्ट्यामार्फत पुढील यंत्रणेकडे पोहोचविणाऱ्या केंद्रोत्सारी कप्पीला चालक क्लच म्हणतात. हिमवाहनाला पुढच्या बाजूस दिशा देणाऱ्या स्की व मागे जमिनीला टेकून फिरणारा रुंद रबरी ट्रॅक असतो. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील सेनर येथे कार्ल एलियासन यांनी १९२४ मध्ये एंजिनावर चालणारी घसरगाडी तयार केली. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील झोझेफ-आर्मां बाँबार्दिए (१९०७–६४) यांचे ‘स्की-डू’ हे हलके वाहन १९५९ मध्ये बाजारात आले व पुढील दशकात हा प्रकार लोकप्रिय झाला. उत्तर अमेरिका व स्कँडिनेव्हिया येथे शिकार, रेनडिअर-पालन, बचावकार्य व क्रीडा यांसाठी हिमवाहने वापरतात. भारतात काश्मीरमधील गुलमर्ग येथे ती पर्यटकांसाठी चालविली जातात. निर्जन हिमप्रदेशात वाहन बंद पडल्यास चालकाच्या जिवावर बेतू शकते. त्यामुळे क्लचमधील दोष आवाजावरून वेळीच ओळखण्यास या भागांत विशेष महत्त्व आहे.

रचना व कार्य : बहुतेक हिमवाहनांत टप्प्याटप्प्याने बदलणारे गिअर नसतात. चालक व चालित अशा दोन कप्प्या आणि त्यांवरून जाणारा इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या छेदाचा पट्टा यांच्या साहाय्याने वेगाचे गुणोत्तर अखंडपणे बदलत जाते. गिअर नसलेल्या स्कूटरमध्येही हेच तत्त्व वापरतात. परंतु तेथे केंद्रोत्सारी क्लच मागील कप्पीशी वेगळा जोडलेला असतो, तर हिमवाहनात पुढची कप्पी स्वतःच क्लचचे काम करते.

चालक क्लचमध्ये समोरासमोर असलेल्या दोन शंक्वाकार तबकड्या असतात. त्यांपैकी एक दंडाशी पक्की असते व दुसरी दंडावरून पुढेमागे सरकते. एका प्रचलित रचनेत सरकत्या तबकडीवर खिळींभोवती झुलणारी तीन वजने असतात आणि दंडाला घट्ट बसविलेल्या, ‘स्पायडर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तीन बाहूंच्या सांगाड्यावर लहान रूळ असतात. एंजिन मंद गतीने फिरत असता मधली स्प्रिंग तबकड्यांना एकमेकींपासून दूर ठेवते व पट्टा सैल राहतो. फेरे वाढल्यावर वजने बाहेर फेकली जातात, रुळांवर रेटा देतात व सरकती तबकडी पट्ट्याकडे ढकलली जाते. पट्टा पकडला जाऊन वाहन चालू लागते. केंद्रोत्सारी प्रेरणा फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे वजनांची स्थिती तीच धरल्यास दर मिनिटास १,६०० फेऱ्यांना असलेली प्रेरणा ८,००० फेऱ्यांना २५ पट होते.

खडखडाटाची कारणे : एंजिनाची गती वरवर एकसारखी वाटली, तरी ती तशी नसते. प्रत्येक ज्वलनाच्या वेळी भुजादंडाला झटका बसून तो क्षणभर वेग घेतो व पुढील संपीडनाच्या वेळी मंदावतो. मंद गतीत हे चढउतार सर्वांत ठळक असतात. सरकत्या तबकडीला स्पायडरच्या बाहूंवरील प्लॅस्टिकच्या बटणांमार्फत गती मिळते. ही बटणे झिजून फट वाढली म्हणजे तबकडी स्वतःच्या जडत्वामुळे मागे राहते व पुढे जाते आणि प्रत्येक झटक्याला बाहूंच्या दोन्ही बाजूंवर आपटते. वजनांच्या खिळी, रुळांमधील बुश व झाकणातील बुश हे भाग झिजल्यावरही असाच आवाज येतो.

पट्टा पकडला जाऊन भार आला की परिपीडनामुळे हे भाग एकाच बाजूस दाबले जातात, फट भरून निघते व खडखडाट थांबतो. अनेक चालक यावरून दोष नाहीसा झाला असे समजतात. ते बरोबर नाही. फट तशीच असते आणि भाराखाली झीज अधिक वेगाने होते. म्हणून मंद गतीतील आवाज हाच क्लचच्या स्थितीचा सर्वांत प्रामाणिक निदर्शक होय. मात्र भाग सुटे फिरावेत यासाठी नव्या क्लचमध्येही थोडी फट ठेवलेली असते. त्यामुळे किंचित आवाज स्वाभाविक असतो व तो पूर्वीपेक्षा वाढला आहे काय, हे पाहणे महत्त्वाचे ठरते.

निदान : क्लच उघडण्यापूर्वी एंजिनाची मंद गती तपासतात. ती ठरविलेल्या मर्यादेखाली असल्यास, किंवा दोन सिलिंडरांपैकी एकात ज्वलन नीट होत नसल्यास झटके वाढतात व चांगला क्लचही खडखडतो. अशा वेळी दोष कार्ब्युरेटरात किंवा ठिणगी-गुडदीत असतो व क्लचवर केलेला खर्च वाया जातो.

यानंतर आवाजाची जात पाहतात. मंद गतीत येणारा व गती किंचित वाढविताच कमी होणारा खडखडाट चालक क्लचकडे निर्देश करतो. फेऱ्यांबरोबर चढत जाणारी एकसुरी घरघर बहुधा धारव्याची असते. भार असताना वाढणारा ठोका भुजादंड, संयोग दांडा किंवा दट्ट्या यांचा असू शकतो. वेग कमी करताना येणारा आवाज मागील, म्हणजे चालित कप्पीतील झिजलेल्या बटणांमुळे येण्याचा संभव असतो.

मग एंजिन बंद करून, क्लच थंड झाल्यावर पट्टा काढतात. एका हाताने स्थिर तबकडी धरून दुसऱ्या हाताने सरकती तबकडी पुढेमागे फिरविल्यास बटणांमधील फट हाताला जाणवते. वजने खिळींवर बाजूस हलतात काय, रूळ गोल आहेत की सपाट झाले आहेत, स्प्रिंग तुटली आहे काय आणि स्पायडरच्या बाहूंना तडे गेले आहेत काय, हे क्रमाने पाहतात. शेवटी संपूर्ण क्लच धरून वरखाली हलवितात. क्लचबरोबर दंडही हलत असेल, तर एंजिनातील मुख्य धारवा झिजलेला असतो. दंड स्थिर राहून क्लच डगमगत असेल, तर तो दंडाच्या निमुळत्या टोकावर सैल झालेला असतो. हा दोष सर्वांत निकडीचा असून असे वाहन चालवू नये. पट्टा काढून एंजिन जोराने फिरविणे धोक्याचे असते, कारण भार नसल्यामुळे फेरे मर्यादेबाहेर जातात.

दुरुस्ती : क्लच दंडावरून काढण्यासाठी त्या त्या बनावटीचे ओढणयंत्र वापरतात. हातोड्याने ठोकल्यास दंड वाकतो. भाग सुटे करण्यापूर्वी झाकण, स्पायडर व तबकडी यांवर खुणा करतात व जोडताना त्या जुळवितात. अन्यथा समतोल बिघडतो. याच कारणाने वजने, रूळ व बटणे एकेकटी न बदलता संपूर्ण संच बदलतात. वंगण घातल्यास आवाज काही काळ दबतो. परंतु पट्ट्याची धूळ त्यास चिकटून भाग अडकू लागतात. म्हणून बहुतेक क्लच कोरडेच ठेवतात. निमुळते टोक व त्यावरील बैठक पुसून कोरडी करतात आणि बोल्ट निर्मात्याने ठरविलेल्या परिपीडनाने आवळतात. झिजून अरुंद झालेला पट्टाही त्याच वेळी बदलतात.

सुरक्षितता : दुर्लक्षित क्लचमधील तडा वाढल्यास पूर्ण वेगात स्पायडर फुटून त्याचे तुकडे बाहेर फेकले जातात. वरील संरक्षक आच्छादन हे तुकडे अडविण्यासाठीच असते. ते काढून वाहन चालवू नये व एंजिन चालू असता क्लचच्या रेषेत कोणी उभे राहू नये. अलीकडील काही बनावटींत घासणाऱ्या बटणांऐवजी रूळ वापरून झीज कमी केली आहे. तथापि झुलणारी वजने व सरकती तबकडी ज्या क्लचमध्ये आहे, त्यात कालांतराने फट वाढणारच. हिवाळा सुरू होण्यापूर्वी, वाहन घराजवळ असतानाच केलेली तपासणी ही यावरील सर्वांत स्वस्त उपाययोजना होय.