डीएपीच्या गोणीतला कर

इंदापूर तालुक्यातल्या कळसचा मतदार २०२४ साली दोनदा रांगेत उभा राहिला, ७ मेला लोकसभेसाठी आणि २० नोव्हेंबरला विधानसभेसाठी. दोन्ही प्रचारांत खतावरच्या कराची गोष्ट होती. लोकसभेला काँग्रेस म्हणाली, शेतीच्या वस्तूंवर जीएसटीच नको. विधानसभेला भाजप म्हणाला, खतावरचा राज्याचा जीएसटी अनुदान म्हणून परत देऊ.

ऐकायला सारखेच. हिशेब मांडून बघा. डीएपी खताची गोणी १३५० रुपयांची, त्यात ५ टक्क्यांचा कर म्हणजे सुमारे ६४ रुपये. राज्याचा वाटा निम्मा, ३२. परताव्यात गोणीमागे एवढेच, तेही आधी पूर्ण पैसे मोजून आणि पावती जपून. (उधारीवर खत उचलणाऱ्याकडे पक्की पावती कुठली?)

करमाफीत मग सगळे ६४ सुटतील? तसेही नाही. खत करमुक्त झाले की कारखानदाराला कच्च्या मालावरच्या कराची वजावट मिळत नाही. तो बोजा किमतीत शिरतो. शिवाय दर ठरवते जीएसटी परिषद. तिथे तीन चतुर्थांश मते लागतात आणि केंद्राचे वजन एक तृतीयांशच, म्हणजे दिल्ली जिंकूनही राज्यांची मनधरणी आलीच. परतावा मात्र मुंबईतूनच देता येतो.