ख्रिस्ती कारभारीपण

ख्रिस्ती कारभारीपण ही द्रव्य, जमीन, वेळ आणि श्रम यांच्या विनियोगाविषयीची ख्रिस्ती धर्मातील संकल्पना आहे. संपत्तीचा खरा धनी देव असून मनुष्य तिचा केवळ कारभारी आहे, असे तीत मानले जाते. कारभाऱ्याला धन्यापुढे हिशेब द्यावा लागतो. त्यामुळे दान करणे आणि त्या दानाचा हिशेब देणे ही दोन्ही कर्तव्ये या संकल्पनेत सारख्याच महत्त्वाची ठरतात.

शास्त्राधार

पृथ्वी व तिच्यावरील सर्व काही परमेश्वराचे आहे, हा विचार स्तोत्र २४ मध्ये आढळतो. लेवीय २५ मध्ये याच कारणास्तव जमीन कायमची विकण्यास मनाई केली आहे. जुन्या करारात उत्पन्नाचा दहावा भाग, म्हणजे दशमांश, अर्पण करण्याचा नियम आहे. अनुवाद १४ नुसार दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश लेवी, उपरी, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी राखून ठेवावयाचा असे. नव्या करारात पौलाने असे ठरावीक प्रमाण सांगितलेले नाही. प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे आणि स्वेच्छेने द्यावे, असे त्याचे प्रतिपादन आहे (२ करिंथ ८ व ९).

सामायिक निधी

यरुशलेमेतील पहिल्या मंडळीत काही विश्वासणारे जमीन किंवा घर विकून आलेली रक्कम प्रेषितांकडे देत आणि ती गरजेप्रमाणे वाटली जाई (प्रेषितांची कृत्ये २ व ४). हे दान सक्तीचे नव्हते. हनन्या व सप्पीरा यांच्या प्रसंगात दोष ठेवला आहे तो रक्कम राखून ठेवून खोटे बोलल्याचा. जमीन आणि तिची किंमत त्यांच्याच अधिकारात होती, हे तेथे स्पष्ट केले आहे.

वाटपातील पहिली तक्रारही याच ग्रंथात नोंदलेली आहे. ग्रीक भाषक विधवांची रोजच्या वाटपात उपेक्षा होते, असे गाऱ्हाणे आल्यावर त्या कामासाठी सात जणांची निवड करण्यात आली (अध्याय ६). पुढे यरुशलेमेतील गरिबांसाठी वर्गणी गोळा करताना पौलाने ती एकट्याने न नेता मंडळ्यांनी नेमलेले प्रतिनिधी बरोबर घेतले. एवढ्या मोठ्या रकमेबाबत कोणी संशय घेऊ नये, हा त्यामागचा हेतू होता.

चंद्रपूर व गडचिरोली

चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा निर्माण झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्कॉटिश एपिस्कोपल चर्चने चांदा (आताचे चंद्रपूर) येथे मिशनकार्य सुरू केले. १९७० मध्ये नागपूर येथे विविध प्रोटेस्टंट पंथांच्या एकत्रीकरणातून उत्तर भारतीय चर्च (सी.एन.आय.) स्थापन झाले. कॅथलिक बाजूने १९६२ मध्ये चांदा हा प्रदेश केरळातील सिरो-मलबार चर्चकडे सोपवण्यात आला. १९७७ मध्ये त्याला धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. तेथील आरंभीचे कार्य सी.एम.आय. संघाच्या धर्मगुरूंनी केले. या संघाचे एक संस्थापक संत चावरा (१८०५–१८७१) यांनी केरळात 'पिडियरी' ही प्रथा रुजवली होती. रोजच्या स्वयंपाकातून मूठभर तांदूळ बाजूला काढून त्यातून शाळेतील गरीब मुलांना जेवण द्यायचे, असे तिचे स्वरूप होते.

मिशनच्या पैशावरील अवलंबित्व हा महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळ्यांपुढील जुना प्रश्न आहे. कवी नारायण वामन टिळक यांनी १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी व पगार सोडून सातारा येथे 'देवाचा दरबार' ही चळवळ सुरू केली. परकीय द्रव्याच्या आधाराने चालणारी मंडळी आपले निर्णय स्वतः घेऊ शकेल काय, हा प्रश्न त्यातून पुढे आला. वनजिल्ह्यांत हा प्रश्न अधिक बिकट होतो. भात, मोहफूल आणि तेंदूपत्ता यांवर अवलंबून असलेल्या कुटुंबांच्या हाती रोख पैसा हंगामापुरताच असतो. अशा ठिकाणी धान्य किंवा श्रमाच्या रूपातील दान अधिक व्यवहार्य ठरते. पिकांच्या उपकारस्तुतीच्या सणाला अनेक मंडळ्यांत धान्य व भाजीपाला अर्पण करून त्याचा लिलाव करण्याची रीत आहे.

ख्रिस्ती परंपरेशी संबंध नसलेले, परंतु तुलनेस उपयुक्त असे उदाहरण गडचिरोलीतच आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. २०१३ मध्ये गावाने ग्रामदानाचा मार्ग स्वीकारला. विनोबा भावे यांच्या सुलभ ग्रामदानात जमिनीची मालकी ग्रामसभेकडे देणे, जमिनीचा विसावा हिस्सा भूमिहीनांना देणे आणि उत्पन्नाचा चाळिसावा हिस्सा ग्रामकोशात जमा करणे अपेक्षित असते. मालकी आणि उपभोग यांतील हा भेद कारभारीपणाच्या कल्पनेला जवळचा आहे.

हिशेब व कायदा

महाराष्ट्रात नोंदणीकृत धार्मिक न्यासांना १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमानुसार हिशेब ठेवून त्यांची तपासणी करून घ्यावी लागते. परदेशी देणग्यांना २०१० चा परकीय अभिदाय (विनियमन) अधिनियम लागू होतो. २०२० च्या दुरुस्तीने अशा निधीतून प्रशासकीय खर्चाची कमाल मर्यादा २० टक्के केली व तो निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवण्यास मनाई केली.

मतभेद

दशमांश आजही बंधनकारक आहे काय, याविषयी पंथापंथांत एकमत नाही. तो अनिवार्य केल्यास मजुराच्या घरातील धान्य कमी होते, तर श्रीमंताच्या केवळ शिलकीत घट होते, असा आक्षेप घेतला जातो. दान दिल्यास देव भरभराट करील, या 'समृद्धीच्या शिकवणी'वरही अनेक धर्मपंडितांनी टीका केली आहे. तिच्यात कारभारी स्वतःच्या लाभाचा सौदा करतो व धन्याला देणेकरी ठरवतो, असे त्यांचे म्हणणे आहे.