म्हसवड : डोंगर आडवे, पाऊस तोकडा

नागपूरकडे वर्षाला हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. साताऱ्याच्या माण तालुक्यातलं म्हसवड त्याच्या निम्म्यावर भागवतं. याच जिल्ह्यातल्या महाबळेश्वरात पाच हजारांहून अधिक मिलिमीटर कोसळतो. सह्याद्री ढगांना अडवतो आणि शंभू महादेव डोंगररांगेच्या कुशीतल्या माण नदीच्या खोऱ्यात उरतं ते उरलंसुरलं. ज्वारी-बाजरी, मेंढरं आणि खिलार बैल यांवर हा मुलूख जगत आला. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ ही कादंबरी याच माणदेशातली.

गावाजवळचा राजेवाडी तलाव १८७६-७७च्या दुष्काळात भुकेल्या माणसांना काम देण्यासाठी खोदायला घेतला गेला. ग्रामदैवत सिद्धनाथाचा रथ मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला निघतो, तेव्हा पोटासाठी परगावी गेलेली माणसं परततात.

पण म्हसवडची खरी ओळख बायकांनी घडवली, असं मला वाटतं. चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने इथल्या बायकांनी बँकेचा परवाना मागितला. अनेकींना सही येत नाही म्हणून रिझर्व्ह बँकेने आधी नकार दिला. बायका अक्षरं शिकल्या, पुन्हा गेल्या आणि व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवायची तयारी ठेवली. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.